वयर म्हणजे खंय?

जवळच्या जवळ घर बदलणं सोपं असतं, असं जो म्हणतो त्याने एकतर कधी घर बदललेलं नसतं, नाहीतर त्याचं सामान दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं. जॉर्ज लोबोचं हे मत पक्कं होतं, आणि जॉर्जची सगळीच मतं पक्की असायची. अठ्ठावीस वर्षं तो जहाजांवर स्टोअरकीपर होता. रॉटरडॅमला चढवलेलं कांद्याचं पोतं सिंगापूर येईपर्यंत कुठल्या फळीवर असेल, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. असा माणूस सातेवाडीत चर्चजवळच्या भाड्याच्या घरातून खालच्या वाडीत बांधलेल्या स्वतःच्या घरात राहायला निघाला. अंतर सहाशे वीस पावलं. मोजली अर्थात त्यानेच.

वाडीतल्या लोकांनी प्रेमाने सांगितलं, की खोकी कशाला भरतोस, आम्ही सगळे येतो आणि हाताहाती नेऊन टाकतो. जॉर्जने सगळ्या वाडीला वेड्यात काढलं.

"हाताहाती?" तो म्हणाला. "म्हणजे माझी किसणी विमलाच्या घराक, माझो पंखो लवूच्या घराक, आनी मी गणपतीपर्यंत घरोघर फिरत ऱ्हवतलंय."

त्याने एक वही केली. पहिल्या पानावर लिहिलं, 'जवळ घर बदलताना लोक करतात त्या चुका'. पहिली चूक, जवळच आहे म्हणून खोकी न भरणे. दुसरी, कपाटाचे खण भरलेलेच उचलणे. पाचवी, एकच मोठी फेरी करायची सोडून जाता-येता हातात एकेक पातेलं नेणे. नववी, हमालांना बोलू देणे. अकरावी चूक त्याने अगदी बारीक अक्षरात लिहिली होती, कारण ती होती बायकोचं ऐकणे, आणि वही बायकोच्या हाती लागायचा संभव होता.

बायको म्हणजे लूर्डस. तीस वर्षं बालवाडीतली पोरं सांभाळून ती निवृत्त झालेली, त्यामुळे जॉर्ज तिला कधी फारसा जड गेला नाही. वही तिने पहिल्याच दिवशी वाचली आणि काही बोलली नाही. जॉर्जला हे शुभ लक्षण वाटलं, यावरून त्याला बायकांबद्दल किती कळतं ते बघा.

आता सामान म्हटलं तर चारचौघांसारखंच. पण एक वस्तू तशी नव्हती. जॉर्जच्या मांयचा, म्हणजे आईचा आल्तार, घरातला प्रार्थनेचा देव्हारा. सागवानाचा, जवळजवळ पुरुषभर उंच, वर नक्षीचा कळस, मधे काचेचं दार, पाठ उघडी, आणि दारामागे सांत आंतोनाची वीतभर मूर्ती. या आल्तारापुढे गुडघे टेकून जॉर्ज आणि त्याचा दीड वर्षाने मोठा भाऊ सिडनी लहानपणी संध्याकाळची प्रार्थना म्हणायचे आणि प्रार्थना चालू असताना एकमेकांना चिमटे काढायचे. पुढे मांय थकली. तिने जॉर्जला फोनवर सांगितलं, आल्तार तुझो. सिडनीला समोर बसवून सांगितलं, आल्तार तुझो. म्हातारीने दोन्ही मुलांना खूश केलं आणि डोळे मिटले.

सात वर्षांपूर्वी सिडनी बाजाराला गेलेला बघून जॉर्जने रिक्षा आणली आणि जुन्या घरातून आल्तार उचलून नेला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. चर्चमध्ये जॉर्ज पुढच्या बाकावर, सिडनी मागच्या. मिसा चालू असताना एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, की जॉर्ज पुढच्याला, उजव्याला, डाव्याला हात द्यायचा, आणि मागे वळायची वेळ आली की त्याच्या मानेत उसण भरायची.

नव्या घराला आशीर्वाद द्यायला फादर प्रिन्स पाच वाजता यायचे होते. माडीवरच्या समुद्राकडच्या खोलीत आल्तार लागलेला असेल, मेणबत्त्या पेटलेल्या असतील, आणि सगळी वाडी बघेल, हे चित्र जॉर्ज दोन वर्षं मनात रंगवत होता. खरं तर घर त्याने आल्तारासाठीच बांधलं होतं. हे तो कुणाला सांगत नसे, पण सिडनीने ते बघावं, निदान ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने खोकी भरली आणि प्रत्येकावर जाड काळ्या पेनाने चिठ्ठी लिहिली. तळमजल्याचं सामान असेल तर 'खाल'. माडीवरचं असेल तर 'वयर'.

"'माळयार' लिही मरे," लूर्डस म्हणाली. माळो म्हणजे माडी.

"माळयार म्हणजे चार अक्षरां. वयर तीन. सत्तावीस खोकी माळयारची आसत. सत्तावीस अक्षरां वाचली मां?"

"ती वाचवलेली अक्षरां ठेवतलंस खंय?" लूर्डसने विचारलं. पण जॉर्जने अकरावी चूक करायची नाही असं ठरवलं होतं. त्याने आल्ताराला गोधड्या गुंडाळल्या, दोरी आवळली आणि वर पुठ्ठा बांधला, 'वयर. सांभाळून.'

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू टेम्पो आणि दोन गडी घेऊन आला. लवू स्वभावाने चांगला, फक्त बोलायला लागला की टेम्पो थांबेल पण लवू थांबणार नाही. जॉर्जने त्याला अंगणात उभं केलं आणि नववी चूक टाळली.

"लवू, आज विचारूचा नाय. वाचूचा. खोक्यार काय लिवलां तां वाच आनी थंय नेवन टाक. माका एक सवाल केलंस तर भाडां नाय, चाय नाय."

"होय काकानू," लवू म्हणाला. त्याला ते लागलं होतं. पण दिवसभर त्याने शब्द पाळला. जॉर्ज जुन्या घराच्या दारात वही घेऊन उभा राहिला आणि टेम्पोत चढणाऱ्या प्रत्येक खोक्यावर खूण करत गेला. नव्या घरी लूर्डस सामान उतरवून घ्यायला उभी. तीन वाजता शेवटचं खोकं गेलं. एक कप फुटला नाही, एक चमचा हरवला नाही. जॉर्जने वही बंद केली आणि छाती काढून खालच्या वाडीकडे चालू लागला. त्या चालण्यात पावलं सहाशे वीसची पाचशे ऐंशीच भरली.

लूर्डस पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.

"वयलां सामान खंय?" तिने विचारलं.

"वयर."

"वयर खंय?"

"वयर म्हणजे वयर! आनी खंय?"

"बघ जा तर."

जॉर्ज जिना चढून गेला. माडीवर दोन स्वच्छ खोल्या होत्या, समुद्राचा वारा होता, आणि भिंतीवर एक पाल होती. बाकी काही नव्हतं. पालीनेही त्याच्याकडे बघून मान वळवली.

तो खाली आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "माका फोन कित्याक करूक नाय?"

"केलंय मां दीड वाजता! तूच बोललंस, सगळां वयर पोचतलां, चिंता करू नको म्हणान."

"माझो फोन खोक्यात आसा."

"खंयच्या खोक्यात?"

जॉर्जने रिकामे खिसे चाचपले. "वयरच्या," तो म्हणाला.

"आवाज तुझोच होतो," लूर्डस विचार करत म्हणाली. "फकत जरा गोड होतो. तेव्हाच माका संशय येवक होयो होतो."

लवू टेम्पोच्या सावलीत पाणी पीत बसला होता. जॉर्जने त्याला दोन्ही खांद्यांना धरलं. "लवू, वयर लिवलेली खोकी खंय टाकलंस?"

"वयर."

"खंय वयर?"

लवूला जगातली सगळ्यात सोपी गोष्ट कुणी अवघड करून विचारावी तसं झालं. "सिडनीकाकांगेर! आनी वयर कोणाचां घर आसा?"

आणि त्याचं चुकलं तरी कुठे? चर्चकडून येणारा रस्ता तिठ्यावर फुटतो. एक फाटा खालच्या वाडीला उतरतो, दुसरा घाटीवर चढतो, आणि घाटीवर घर एकच, लोबोंचं जुनं घर, सिडनी राहतो ते. सातेवाडीत जन्मलेलं माणूस त्या घराला वयर म्हणतं. वयर लग्न आहे म्हणजे सिडनीकडे. वयरचे फणस म्हणजे सिडनीचे. जॉर्ज स्वतः वीस वर्षांचा होईपर्यंत "मी वयर ऱ्हवतंय" असंच सांगायचा. अठ्ठावीस वर्षं जहाजावर काढून तो साता समुद्रांची नावं शिकला आणि आपल्या घराचं नाव विसरला.

"माका वाटलां तुमचां भावाभावांचां मिटलां," लवू म्हणाला. दिवसभर कोंडलेलं आता सुटलं होतं. "चार फेऱ्ये मारलंय वयर. आल्तार उतरवताना तर माका रडाकच इलां. विचारूक जीव जाय होतो, पण तुम्ही सांगलास, विचारूचा नाय."

साडेतीन वाजले होते. फादर पाचला येणार. जॉर्ज पायरीवर बसला. खोकी गेली तर गेली, पंखा गेला तर गेला. पण वयर जाऊन सिडनीच्या दारात उभं राहायचं आणि आल्तार मागायचा? सात वर्षांपूर्वी पाठीमागून उचलून नेलेला? त्यापेक्षा समुद्रात चालत गेलेलं बरं. आणि नाही मागितला तर ज्याच्यासाठी घर बांधलं तोच घरात नाही. जॉर्जला खरोखर रडू येत होतं.

"वस्तू हरवली की माणसां सांत आंतोनाक सांगतत, शोधून दी म्हणान," लूर्डस त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "आता सांत आंतोनच हरवलो. तेका शोधूक कोणाक सांगूचा? ऊठ. तुकाच जावक होया."

जांभ्याच्या पायऱ्या चढताना जॉर्जने वाक्य तयार केलं. 'ह्यां चुकान इलां. परत दी.' त्यात एकही शब्द जास्त नव्हता. प्रत्येक पायरीला तो ते एकदा म्हणत होता.

सिडनीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सत्तावीस रिकामी खोकी चेपून, दोरीने बांधून, नीट रचून ठेवलेली होती. ओट्यावर जॉर्जचा पंखा फिरत होता. वहिनी क्लॉडिया जॉर्जच्या इस्त्रीने पडदे इस्त्री करत होती. आणि आरामखुर्चीत खुद्द सिडनी बसला होता, जॉर्जचा नॉर्वेहून आणलेला लोकरीचा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. एप्रिल महिना. घामाने त्याचा चेहरा उकडलेल्या कणगीच्या कंदासारखा झाला होता, पण कोट काढायची त्याची तयारी दिसत नव्हती.

"इलंस?" सिडनी म्हणाला.

सात वर्षांनी ऐकलेला तो एक शब्द. जॉर्जने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आत बघितलं. माजघरात आल्तार लागला होता. अगदी जुन्या जागी. मेणबत्त्या पेटल्या होत्या. विमलाकाकी आणि वाडीतल्या चार बायका दर्शनाला येऊन बसल्या होत्या. पण जॉर्ज बघत होता ती भिंत. सगळ्या घराला नवा निळा रंग होता, फक्त आल्तारामागे चौकोन जुनाच, पांढुरका. त्या जागेला सात वर्षं कुणी रंग लावला नव्हता.

"जॉर्ज, मन मोठां रे तुझां," विमलाकाकी डोळे पुसत म्हणाली.

सिडनी खुर्चीतून उठला. "तू धाडलंस मां?" त्याने विचारलं.

जॉर्जचं वाक्य ओठांवर होतं. पाठ होतं. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "होय. मीच धाडलंय."

"सगळां?"

"सगळां."

"कोट पण?"

"कोट पण."

"इस्त्री?" क्लॉडियाने आशेने विचारलं.

"इस्त्री..." जॉर्जने इस्त्रीकडे एकदा शेवटचं बघून घेतलं. "इस्त्री पण."

"लूर्डसचे कपडे?" क्लॉडियाने पुढे विचारलं.

"ते नको! ते चुकान इले."

मग तो बायकोच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर आणि फोन खिशात घेऊन घाटी उतरला. सगळं गमावून आलेल्या माणसाने दुःखी असायला हवं, पण त्याला हलकं वाटत होतं, आणि त्याचं कारण त्याला कळत नव्हतं, म्हणून तो स्वतःवरच चिडला.

पाच वाजता फादर प्रिन्स आले. फादर वसईकडचे, तरुण, उत्साही, आणि घाईत. साडेसहाला त्यांची मिसा होती. वाडीतली माणसं खळ्यात जमली. फादरनी तळमजल्यावर पाणी शिंपडलं, स्वयंपाकघरात शिंपडलं, मांजरावर शिंपडलं, आणि सगळ्यांच्या पुढे धावत माडीवर गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "जॉर्ज, आल्तार कुठे आहे?"

जॉर्ज जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. "फादर," तो वर बघून म्हणाला, "आल्तार मी माझ्या भावाला दिला."

लूर्डसने त्याच्याकडे वळून बघितलं. असं तिने लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं, कारण त्या दिवशी तिच्या चपला चावत होत्या.

तेवढ्यात हॉर्न वाजला. लवूचा टेम्पो खळ्यात घुसला. मागे सामानाचा डोंगर, आणि डोंगराच्या मधोमध आल्ताराला मिठी मारून सिडनी, अजूनही कोटात. "वाट सोडा!" तो ओरडला. कुणाकडे बघितलं नाही, काही सांगितलं नाही. तो आणि लवू आल्तार घेऊन थेट जिन्यात शिरले. सिडनी वरून ओढायला पुढे, लवू खालून. जॉर्ज धावला आणि लवूला बाजूला सारून त्याने स्वतःचा खांदा लावला.

जिना सात पायऱ्या सरळ जातो आणि मग वळतो. आल्तारही सात पायऱ्या सरळ गेला. मग तो वळला नाही. कळस वरच्या भिंतीत, पाय खालच्या कठड्यात, आणि आल्तार घट्ट बसला. जॉर्जने या घरातली खिडकी न् खिडकी मोजली होती, फ्रीज मोजला होता, लूर्डसच्या आईचा पाटासुद्धा मोजला होता. फक्त आल्ताराला टेप लावायचा त्याला धीर झाला नव्हता. देवाला कुणी टेप लावतं का?

"ढकल!" सिडनी वरून म्हणाला.

"ढकलतंय!"

"आता ओढ!"

"ओढतंय!"

आल्तार जागचा हलला नाही. खाली जॉर्ज, वर सिडनी, सिडनीच्या मागे माडीवर अडकलेले फादर. मधे आल्ताराचं काचेचं दार. त्या काचेतून दोघांना एकमेकांचा चेहरा वीतभर अंतरावर दिसत होता. मूर्ती आत नव्हती. सांभाळून आणायची म्हणून सिडनीने ती कोटाच्या खिशात ठेवली होती, आणि सांत आंतोन खिशातून डोकं काढून दोघांकडे बघत होता.

"परत कित्याक हाडलंस?" जॉर्जने धापा टाकत विचारलं.

"तू खोटां बोललंस म्हणान."

"मी?"

"माका वाचूक येता रे," सिडनी म्हणाला. "पयल्याच खोक्यात तुझे चड्डये होते. भाव भावाक चड्डये धाडता? तेव्हाच समाजलंय, वयर म्हणजे तुझो माळो."

"मगे लूर्डसचो फोन घेतलंस कित्याक? खोकी सोडलंस कित्याक? कोट घातलंस कित्याक?"

घामाचा एक थेंब सिडनीच्या नाकावरून काचेवर पडला. "तू येतलंस म्हणान. सात वर्सां मिसाक तुझी पाठ बघतंय. म्हटलंय, सामान वापरलेलां बघून हेका राग येतलो, भांडतलो, माका शिव्यो घालतलो. घालूंदे. पण वयर तरी येतलो. आनी तू येवन म्हणतंस, मीच धाडलंय. लोकांसमोर. इस्त्रीसकट. मगे मी तो ठेवतलंय कसो?"

जॉर्जचा खांदा आल्ताराखाली दुखत होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खांद्यामुळे आहे असं त्याला म्हणता आलं असतं. पण त्याने म्हटलं नाही. "माका तुझी खूप याद येय होती," तो म्हणाला. "बोटीर असताना येय नाय तितकी. हंय सहाशे पावलांर येय होती."

वर फादरनी घसा खाकरला. "मला साडेसहाची मिसा आहे," ते नम्रपणे म्हणाले.

"हो माळयार जाणा नाय," जॉर्ज काचेला नाक लावून म्हणाला. "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. त्या भिंतीक. मी येतंय रोज सांजचो. चिमटे काढूचे नाय पण."

"बघूया," सिडनी म्हणाला.

"अरे ढकला नायतर ओढा!" खालून लूर्डस ओरडली. "फादरांक खाली येवक वाट नाय, आनी माका चाय वर देवक वाट नाय!"

"काकानू, आता तरी विचारू?" लवूने विचारलं. "खाली ओढलो तर सुटात. ओढू?"

"थांब मरे जरा," सिडनी वरून म्हणाला. "सात वर्सांनी गावलो आसा."

लवू थांबला. फादर सुस्कारा सोडून वरच्या पायरीवर बसले. जॉर्जनेही ढकलायचं थांबवलं, पण खांदा मात्र त्याने काढला नाही.